शिवकालीन गद्यातील बेगमीची भाषा

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे बाजाराचे गाव आहे. तेथून आंबिवलीच्या वाटेस लागले की सह्याद्रीच्या मुख्य भिंतीपासून सुटून उभा राहिलेला एक सुळका दिसू लागतो. हा कोथळीगड. आसपासचे लोक त्यास पेठचा किल्ला म्हणतात, कारण सुळक्याखालच्या पठारावर पेठ नावाची वस्ती आहे. सुळक्याच्या पोटात कोरीव खांबांची गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत, आणि माथ्यावर जाण्यासाठी खडक आतून पोखरून काढलेला जिना आहे. १६८४ च्या नोव्हेंबरात हा किल्ला मोगलांच्या हाती गेला. मोगल दरबारच्या वार्तापत्रांवरून इतिहासकारांनी जुळविलेली हकीकत थोडक्यात अशी: कोथळीगड हे मराठ्यांचे हत्यारांचे कोठार आहे, ही खबर अब्दुल कादर याने औरंगजेबास पोचविली. गडावरून हत्यारे नेण्यासाठी मराठ्यांची माणसे येत असत. आपलीच माणसे आली आहेत अशा समजुतीने पहारेकऱ्यांनी दरवाजा उघडला आणि मोगल आत शिरले. मग मराठ्यांनी बाहेरून वेढा घातला. आतल्या मोगलांची दारू संपत आली. घाटमाथ्यावरील जुन्नरहून अब्दुल अजीजखानाने मदत धाडली. मोगलांची वाट अडविण्याच्या खटपटीत नारोजी त्रिंबक मारला गेला. बादशहाने किल्ल्यास नवे नाव दिले, मिफ्ताहुल्फतह, म्हणजे विजयाची किल्ली.

या हकीकतीत तलवारीचे काम थोडे आणि कोठाराचे फार आहे. किल्ला महत्त्वाचा ठरला तो तेथे माल साठविलेला होता म्हणून. पडला तो माल नेण्याची रोजची वहिवाट शत्रूस कळली म्हणून. आणि पुढे झगडा झाला तो दारू कोणास आधी पोचते याचा. मध्ययुगीन युद्धाचे हे नित्याचे स्वरूप होय. याच मुलखात खालापूरच्या हद्दीतील उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची फौज अडकली. तिलाही अरुंद रान आणि तहान यांनीच अर्धे हरविले होते, आणि सुटका मिळाली ती सामान मागे टाकून. असे असूनही आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत युद्धविषयक गद्य म्हटले की बखरीतील लढायांची वर्णनेच पुढे येतात. ज्या गद्यात युद्ध कसे पोसले जाते हे सांगितले आहे, ते नीतीच्या किंवा राज्यशास्त्राच्या सदराखाली जाते. प्रस्तुत लेखात अशा दोन लेखांचा विचार करावयाचा आहे: शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळील हलवर्ण येथील लष्करास लिहिलेले पत्र आणि रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. विचार मुख्यतः भाषेचा आहे, परंतु भाषेचा विचार करिता करिता तो माणसांपर्यंत जातो, हे पुढे दिसून येईल.

हलवर्णचे पत्र बहुतेक वाचकांस शालेय वयापासून परिचित असते. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, अशा प्रकारच्या एका वाक्यात त्याचा सारांश सांगण्याची रीत पडली आहे. हा सारांश पत्रावर अन्याय करणारा आहे. पत्र १६७३-७४ च्या सुमाराचे, ऐन वैशाखातले आहे. कटकाचा मुक्काम चिपळुणास पडला. त्यामुळे दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी पागेकरिता जो दाणा व सामान करून ठेविले होते, ते बरेचसे आधीच खर्च झाले. कारकुनांकडून आणि गडोगडीच्या कोठारांतून शिल्लक गल्ला देववून पागेची कशीबशी सोय लावली आहे, अशी कबुली पत्राच्या आरंभीच आहे. त्यानंतर जे येते तो उपदेश नव्हे, तो हिशेब आहे. तुम्ही मनास येईल तसा दाणा मागाल, आहे तोवर भरमसाट चाराल. संपला म्हणजे पडत्या पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरू लागतील. मग तुम्ही मुलखास उपद्रव द्याल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजीपाला. जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही निघून जातील, कित्येक उपाशी मरतील. आणि मोगल आले त्याहून तुम्ही वाईट असे त्यांना वाटेल. हा आम्ही आमच्या शब्दांत सांगितलेला आशय आहे. परंतु त्यातील क्रियापदांचा काळ मुळाबरहुकूम ठेविला आहे.

तो काळ भविष्यकाळ आहे. सरकारी हुकूमनाम्यात आज्ञार्थ किंवा विध्यर्थ अपेक्षित असतो. येथे पत्राचा मुख्य भाग भविष्यकाळी वाक्यांच्या साखळीने चालतो, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट हा पुढच्या वाक्याचा आरंभ होतो. दाण्यातून घोडा, घोड्यातून कुणबी, कुणब्यातून मुलूख. तेलाच्या दिव्याविषयीचा प्रसिद्ध भागही याच रचनेचा आहे. रात्री दिवा जळत राहील, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल, गंजीबरोबर पावसाळ्याची वैरण जाईल, आणि शिपायांच्या हातून काही न होता पागा बुडेल. उंदरालाही या वाक्यरचनेत कर्तेपण आहे. पुरवठा म्हणजे एका गोष्टीवर दुसरी अवलंबून असणे, ही कल्पना येथे व्याख्येने सांगितलेली नाही. ती वाक्यरचनेतच उतरली आहे. असे गद्य सतराव्या शतकात फार थोडे सापडते, आणि त्याचे मोल ठरविताना केवळ भावनेचा हवाला देणे पुरेसे नाही.

रयतेचा कळवळा या पत्रात नाही असे आमचे म्हणणे नाही. तो आहे, आणि तो वैरणीच्या हिशेबापासून अलग करता येत नाही, एवढेच म्हणणे आहे. रयत आणि घोडी या दोहोंची बदनामी तुमच्यावर येईल, असे एकाच वाक्यात दोघांना जोडून पत्र बोलते. आजच्या वाचकास कुणबी आणि घोडे एका पंक्तीस बसविलेले पाहून संकोच वाटेल. पत्रलेखकास तो वाटला नाही, कारण दोघेही एकाच कोठारावर जगतात हे त्यास दिसत होते. गवताची गंजी जळाली तर पुढे कुणब्यांच्या माना मारल्या तरी एक लाकूड मिळणार नाही, अशा आशयाचे एक कठोर वाक्यही पत्रात आहे. निवडक उताऱ्यांतून ते बहुधा गाळले जाते. ते गाळले की पत्र गोड होते आणि खोटे होते.

आता शब्दांकडे वळू. या पत्रात पागेच्या साठ्यास जो शब्द आला आहे तो ‘बेगमी’. तो फारसी आहे. ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘गम’ म्हणजे चिंता. निश्चिंतपणा या अर्थाचा शब्द मराठीत साठ्याचा वाचक झाला. कशेळ्याच्या बाजारात मे महिन्याच्या अखेरीस गेल्यास हा शब्द आजही कानी पडतो. आगोटीपूर्वी सुकी मासळी, मीठ, मिरची, लाकूडफाटा भरून ठेवणे ही पावसाळ्याची बेगमी. भाताचा पेंढा रचून उडवी झाकणे हाही तिचाच भाग. हलवर्णचे पत्र ऐन वैशाखात का लिहिले गेले, हे ग्रंथालयात बसून एकदम उमगत नाही. आगोटीची बेगमी ज्याने केली आहे त्यास ते सांगावे लागत नाही. सैन्याने जे खाऊन टाकिले होते ती आगोटीची बेगमी होती. त्याच पत्रातील ‘गल्ला’ म्हणजे धान्य. आज तो दुकानदाराच्या पैशाच्या पेटीचे नाव झाला आहे. ‘रातीब’ म्हणजे घोड्याचा ठराविक खुराक. आज घरोघरी दुधाचा रतीब असतो. हे शब्द लष्करातून घरात आले असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. कारकुनी फारसीतून ते दोन्हीकडे पसरले असणे अधिक संभवनीय आहे. महत्त्वाचे एवढेच, की पागेविषयी लिहिताना आणि घराविषयी बोलताना मराठी माणसास दोन वेगळे शब्दसंग्रह लागले नाहीत.

शिवकाळात भाषाशुद्धीचा जो प्रयत्न झाला त्याच्या संदर्भात ही गोष्ट लक्षणीय ठरते. राजव्यवहारकोशाने दहा वर्गांत यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांत शस्त्रवर्ग आहे, दुर्गवर्ग आहे, पण्यवर्गही आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, सरनोबत सेनापती झाला. परंतु गडावरचा हवालदार हवालदारच राहिला, सबनीस सबनीसच राहिला, आणि धान्य व सामान सांभाळणारा कारखानीसही कारखानीसच राहिला. दरबारात संस्कृत आली ती कोठाराच्या उंबऱ्यापाशी थांबली. यास कोणी सुधारणेचे अपयश म्हणतील. आमच्या मते जेथे रोज मापे भरावयाची, मोजावयाची आणि पावती लिहावयाची, तेथे शब्द बदलणे म्हणजे हिशेब बिघडविणे, हे जाणण्याइतका तो कारभार शहाणा होता.

आज्ञापत्राचे कर्ते रामचंद्रपंत हे याच कारभारात वाढले. अमात्य हे पद म्हणजे पूर्वीची मुजुमदारी, जमाखर्चाचे काम. हे लक्षात ठेवून आज्ञापत्र वाचले पाहिजे. राजाराम महाराज जिंजीस गेल्यावर महाराष्ट्रातील कारभार ज्यांच्या शिरावर होता, त्यांतील हे प्रमुख. सातारा १७०० मध्ये, विशाळगड १७०२ मध्ये, राजगड आणि तोरणा १७०४ मध्ये बादशहाकडे गेलेले त्यांनी पाहिले, आणि किल्ले पुन्हा मिळवितानाही पाहिले. १७१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी हा ग्रंथ सिद्ध झाला, तेव्हा दुर्गांविषयीचे त्यांचे ज्ञान पुस्तकी नव्हते.

त्या ग्रंथात राजधर्माचा भाग संस्कृतप्रचुर आणि दुर्गांचा भाग मिश्र भाषेत आहे, हे अनेकांनी नोंदविले आहे. त्याहून बारीक गोष्ट अशी, की दुर्गप्रकरण जितके कोठाराजवळ जाते तितकी वाक्ये आखूड होतात. पाण्याचा भाग पाहावा. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी खोदावी. एका झऱ्यावर भिस्त ठेवू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. म्हणून जखिऱ्याचे पाणी वेगळे ठेवावे आणि ते एरवी खर्चू नये. दारूखान्याविषयीही असेच. तो वस्तीपासून दूर असावा; ठराविक दिवसांनी हवालदाराने येऊन दारू बाहेर काढावी, उन्हात सुकवावी आणि पुन्हा मोहर करून ठेवावी. कोकणातल्या गडावर चार महिने ढगांत राहिलेली दारू काय कामाची, हे ज्यास ठाऊक आहे तोच हे लिहील. कोथळीगडाच्या गुहेत उभे राहून हा भाग आठवला, तर तो राज्यशास्त्र न वाटता घरगुती सूचना वाटू लागतो.

अशा प्रकारचे लेखन जगात अन्यत्रही झाले आहे. इ.स. ८०० च्या सुमाराचा फ्रँक राजांच्या जहागिरींविषयीचा जो प्रसिद्ध लॅटिन हुकूमनामा आहे, त्यात युद्धास जाणाऱ्या गाड्यांवर कातड्याची आच्छादने असावीत, नदी उतरताना आतील जिन्नस भिजू नये आणि प्रत्येक गाडीत किती माप पीठ असावे, इथवर सूचना आहेत. युरोपात मध्ययुगभर वाचल्या गेलेल्या व्हेजीशियसच्या युद्धशास्त्रातही सैन्याचा नाश लढाईपेक्षा उपासमारीने अधिक वेळा होतो, असे मत मांडले आहे. हे साम्य आम्ही प्रभाव म्हणून सांगत नाही; प्रभावाचा प्रश्नच नाही. जेथे राजा स्वतः कोठार राखतो तेथे त्याच्या लेखणीतून पीठ, पाणी आणि आच्छादन उतरते, आणि तसे लिहिताना गद्य अलंकार टाकून देते, एवढेच दाखवावयाचे आहे. फरक असा, की फ्रँक हुकूमनामा नोंदवहीसारखा आहे. हलवर्णचे पत्र समोर बसलेल्या माणसाशी बोलते.

येथे आज्ञापत्राविषयी एक तक्रार नोंदविली पाहिजे, आणि ती व्याकरणाच्या वाटेने येते. दुर्गप्रकरणाचा बहुतेक भाग ‘-वे’कारान्त विध्यर्थात आहे: ठेवावे, खोदावे, लावावे, काढावे. या प्रयोगात कर्ता तृतीयेत येतो आणि नसला तरी वाक्य अडत नाही. आज्ञापत्रात हवालदार हा तृतीयेत स्पष्टपणे येतो, कारण तो जबाबदार अंमलदार आहे. परंतु खडक कोणी फोडावा? चुना, धान्य, गोळे वर कोणी न्यावेत? तेथे तृतीयेची जागा रिकामी आहे. आरमाराच्या प्रकरणात रयत दिसते, आणि सुंदर दिसते. आंबा आणि फणस ही झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढविलेली असतात, ती तोडू नयेत. अगदी जीर्ण झालेले झाड धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावे, असे तेथे बजाविले आहे. म्हणजे रयत जेव्हा झाडाची धनी असते तेव्हा वाक्यात तिला स्थान मिळते. ती जेव्हा ओझे वाहते तेव्हा क्रियापद एकटेच चालते. त्या काळच्या कागदपत्रांत ‘वेठ’ हा शब्द सर्वत्र आढळतो. दुर्गप्रकरणाच्या रिकाम्या तृतीयेत तो शब्द घालून वाचून पाहावे.

हलवर्णच्या पत्रात भविष्यकाळामुळे प्रत्येक क्रियापदास कर्ता घ्यावाच लागला: तुम्ही, घोडी, कुणबी, उंदीर. चाळीस वर्षांनंतरच्या ग्रंथात विध्यर्थामुळे कर्त्याची गरज उरली नाही. पत्र आणि ग्रंथ हे निराळे प्रकार आहेत, सबब ही तुलना सैल आहे, असा आक्षेप येऊ शकेल. तो अंशतः मान्य आहे. तरीही दोन्ही लेख एकाच संस्थेचे, एकाच कामाविषयीचे आणि एकाच प्रकारच्या अंमलदारांसाठी लिहिलेले आहेत. संस्था जुनी झाली की तिच्या भाषेतून हातांची नावे गळतात, ही शंका घेण्यास एवढे पुरेसे आहे.

आणखी एक उणीव दोन्ही लेखांत समान आहे, आणि तिचा उलगडा सभासदाच्या बखरीत होतो. १६९७ मध्ये जिंजीस लिहिलेल्या त्या बखरीत लष्कराचे वर्षचक्र सांगितले आहे. पावसाळ्यात छावणीत यावे. तेथे दाणा, रातीब, औषधे, शाकारलेली घरे तयार असावीत. दसऱ्यास बाहेर पडावे. आणि आठ महिने परमुलखात पोट भरावे. छावणीच्या चार महिन्यांत स्वतःच्या कुणब्यास जी सूट मिळे, तिचा भार उरलेल्या आठ महिन्यांत दुसऱ्या कोणा कुणब्यावर पडे. त्याचे घर, त्याची भाकर, त्याचा तळतळाट यांविषयी पत्रातल्यासारखी वाक्यसाखळी कोणी लिहिली नाही. पत्राच्या थोरवीस यामुळे बाध येत नाही, परंतु तिची सीमा कळते. आणि ज्या वर्णनातून ती कळते, ते बखरकाराने अभिमानाने केले आहे, हेही वाचकाने ध्यानात घ्यावे.

पुढची हकीकत एका शब्दात पाहता येते. ‘सरंजाम’ हा शब्द फारसीत कार्यसिद्धीचा. मराठीत प्रथम साहित्य, तयारी या अर्थाने रुळला. राजाराम महाराजांच्या काळापासून रोकड आणि कोठार यांवर फौज पोसणे कठीण झाले, सरदारांस मुलूख तोडून द्यावा लागला, आणि त्या मुलखाचेही नाव सरंजाम झाले. वस्तूचा शब्द जमिनीस चिकटला. रामचंद्रपंतांनी नवी वृत्ती देण्याविरुद्ध कळकळीने लिहिले आहे ते या घसरणीच्या तोंडावर. १७६० च्या अखेरीस पानिपतच्या छावणीत दाणावैरण संपली, अंतर्वेदीतून अब्दालीची रसद तोडण्याच्या कामात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, तेव्हा गडोगडीचा गल्ला देववणारे कोणी जवळ नव्हते. भाऊसाहेबांची बखर त्या उपासमारीचे वर्णन करिते आणि ते प्रभावी आहे. परंतु उपासमार तेथे दैवासारखी येते. दाण्यापासून घोड्यापर्यंत आणि घोड्यापासून माणसापर्यंत नेणारी हलवर्णची साखळी त्या गद्यात नाही.

आमच्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांस शब्दसंग्रहाचे काम करावयाचे आहे, त्यांनी कर्जत-खालापूरच्या घाटपायथ्याची गावे घ्यावीत. खांडसहून भीमाशंकराकडे चढणाऱ्या गणेश घाट आणि शिडी घाट या वाटांनी, तसेच पेठेच्या बाजूच्या घाटवाटांनी एके काळी डोईवरून आणि खांद्यावरून जे जे गेले, त्याचे शब्द ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी म्हाताऱ्यांच्या बोलीतून अजून मिळण्याजोगे आहेत. कावड, गोणी, चुंबळ हे सर्वांस ठाऊक आहेतच. ओझ्याची मापे, विसाव्याच्या जागांची नावे, चढाच्या टप्प्यांची नावे, आणि ओझे मोबदल्याविना न्यावे लागले तर त्यास काय म्हणत, हे विचारावे. दुर्गप्रकरणाची सटीप आवृत्ती पुढे कोणी काढील, तर तळटिपांत या शब्दांना जागा द्यावी लागेल.